तुपाचा हात

यंदा आखाजी जवळ आली तसा मी चिडका झालो. एरवीही मी काही फार गोड माणूस नाही, हे मला ठाऊक आहे. पण चैत्र सरत आला, जळगावचं ऊन सकाळी नऊलाच डोक्यावर बसायला लागलं, गल्लीतल्या लेकीबाळी पिशव्या घेऊन माहेरी उतरायला लागल्या आणि समोरच्यांच्या लिंबाला झोका बांधला गेला, तसं माझं डोकं आपोआप तापायला लागलं. कूलरला पाणी घालताना बादली आपटायचो. भाजीवाल्याशी भांडायचो. बायको विचारायची, "काय झालंय तुम्हाला?" मी म्हणायचो, "ऊन आहे." ऊन काय मला एकट्यालाच होतं?

अक्षय तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात आणि खानदेशात तिच्याइतका लाडाचा सण दुसरा नाही. खापरावरची पुरणपोळी, वाटीभर आमरस, त्यावर तूप. लेकी झोक्यावर बसून गाणी म्हणतात आणि बापांना भरून येतं. मलाही येतं. फक्त मला जे भरून येतं त्यात गेल्या वर्षीची आखाजी असते, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नाही. वर्षभर सांगितली नव्हती. आता सांगतो.

आमचं घर दुधाचं. माझे वडील, आबा, पारोळ्याजवळच्या आमच्या खेड्यात अजून सात म्हशी सांभाळतात. वय सत्तरीपुढे, पण पहाटे धार काढायला दुसऱ्याचा हात चालत नाही. लहानपणी आमच्या अंगाला, अंथरुणाला, शाळेच्या दप्तरालासुद्धा दुधाचा वास असायचा. कुणी पाहुणा आला तर त्याला आधी पेलाभर दूध, मग पाणी. आणि घरात नवा तवा आला, नवी कढई आली, की पहिला हात तुपाचा. चुलीवर तापवायची, फडक्याची पुरचुंडी तुपात बुडवून सगळीकडून फिरवायची, मगच त्यावर काही शिजायचं. "तेल गाडीच्या आसाला लावतात, तव्याला नाही," असं माझी माय म्हणायची. माय गेली, पण रीत राहिली. आबा स्वतः लोणी कढवतात, त्यात विड्याचं पान टाकतात. त्या तुपाचा वास मी झोपेतही ओळखीन.

आणि अशा घरात आरू जन्मली. माझी मुलगी. सहा महिन्यांची असताना तिला वरच्या दुधाचा पहिला चमचा दिला आणि तिचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासून सांगितलं की हिला दूध चालणार नाही. दही, ताक, लोणी, तूप, खवा, पेढा, काही नाही. थेंबभरही नाही. मी आबांना फोन केला. मग आबा म्हणाले, "दूध पिसन कोनी मरस का रे भाऊ?" दूध पिऊन कुणी मरतं का, असं ते विचारत होते, आणि खरंच विचारत होते. सत्तर वर्षं जे औषध म्हणून लोकांना दिलं ते विष कसं झालं, हे त्यांना कुणी समजावून सांगूच शकलं नाही. मी तर नाहीच नाही. मी ओरडलो फक्त.

तरी आम्ही निभावलं. माझी बायको वैशाली अमळनेरला शाळेत शिकवते. उन्हाळ्यात शाळा सकाळची, म्हणून पावणेसहाला घर सोडते, गाडी पकडते. मी पाइपाच्या कारखान्यात, साच्यांच्या मशीनवर, दुसऱ्या पाळीला. त्यामुळे सकाळ माझी. आरूला उठवणं, वेणी घालणं, भरवणं, सगळं माझ्याकडे. वेणी मला अजून नीट येत नाही. भरवणं येत होतं.

गेल्या वर्षी हिवाळा संपता संपता वर्गात कुणाचा तरी वाढदिवस होता आणि एका मैत्रिणीनं आपल्यातला अर्धा पेढा आरूच्या हातावर ठेवला. साडेपाच वर्षांची पोर. तिला माहीत होतं की खायचा नाही. पण सगळे खात होते. ती रात्र दवाखान्यात गेली आणि पोरगी वाचली. चार दिवसांनी घरी आली, आणि तिनं तोंड बंद केलं.

म्हणजे बोलायची. खायची नाही. ताट पुढं आलं की आधी विचारायची, "यात काही नाही ना?" नाही म्हटलं तरी एकेक शीत उचलून उजेडात धरायची. आधी भाजी सुटली, मग वरण सुटलं, मग भाकरी. महिन्याभरात साधा भात आणि केळं एवढंच राहिलं. मग एक दिवस केळ्यावर काळा ठिपका दिसला आणि केळंही गेलं. केळीच्या जळगावात, दारात घडच्या घड पिकत असताना, माझी पोर केळं खाईना. मी ठिपका कापून दाखवला, स्वतः खाऊन दाखवला, गोष्टी सांगितल्या, गाणी म्हटली, माकडासारख्या उड्यासुद्धा मारल्या. ती हसायची आणि तोंड मिटून घ्यायची.

एक दिवस माझं टाळकं फिरलं. "खा म्हणतो ना!" असं ओरडून मी ताट आपटलं. भात फरशीवर उडाला. ती रडली नाही. खाली बसली आणि एकेक शीत वेचून परत ताटात ठेवायला लागली, निमूट, जणू ते तिचंच काम होतं. माझा बाप दुधवाला आणि मी अन्न आपटणारा. त्या दिवशी मला माझी इतकी किळस आली की कामावर जाऊनही दुपारचा डबा उघडला नाही.

वजनाचा काटा खाली चालला होता. साडेसोळा, सोळा, पंधराला कमी. मनगटाची हाडं दिसायला लागली. वैशाली गाडीत डोळे पुसत जायची, हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं. डॉक्टरीणबाईंनी शेवटी स्पष्ट सांगितलं, "आखाजी झाली की सोमवारी आणा. काटा पंधराच्या वर नसेल तर नाकातून नळी घालून भरवावं लागेल. मला हौस नाही, पण मग पर्याय नाही." त्यांनी मला एक इंजेक्शनही दिलं होतं, पोटात दूध गेलंच तर मांडीत टोचायचं. कसं टोचायचं ते संत्र्यावर शिकवलं. ते मी देव्हाऱ्यात ठेवलं होतं, गणपतीच्या मागे.

अशा दिवसांत एकदा मी तिला गाडीवर घेऊन कॉलेजच्या रस्त्यानं चाललो होतो. तिथं नवीन वॉफलचं दुकान झालं होतं. काचेमागं एक बाई चौकटीचौकटीची जाडसर पोळी मशीनमधून काढत होती. आरू मागून म्हणाली, "पप्पा, ती खिडक्यांची पोळी कशी लागते?"

मी गाडी बाजूला घेतली. दोन महिन्यांत तिनं पहिल्यांदा एखाद्या खाण्याबद्दल विचारलं होतं. भर रस्त्यात मला रडू आलं. काय करणार, आलं. हेल्मेट होतं म्हणून बरं. मग आत जाऊन विचारलं, "बिनदुधाचं मिळेल का?" ती बाई बिचारी चांगली होती. म्हणाली, "दादा, पिठात दूध, लोणी, सगळंच आहे. आणि मशीनही त्याच्यातच माखलेलं. लेकराला यातलं काही देऊ नका." तिचे मी आभार मानले. आरूला म्हटलं, "आपण घरी करू."

"तुला येते?"

"येते म्हणजे काय! माझं कामच साच्याचं आहे."

मशीन मिळालं धुळ्याला. वैशालीची धाकटी बहीण सुनंदा तिकडे दिलेली आहे, तिला लग्नात कुणी तरी दिलेलं कपाटावर तसंच पडलेलं होतं. सुट्टीच्या दिवशी एसटीनं गेलो. सुनंदा म्हणाली, "न्या दाजी, खोकंसुद्धा फोडलेलं नाही. म्हणजे दुधाचा हात लागलेला नाही, काळजी करू नका." परत येताना खोकं मांडीवर. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा वाटलं उतरावं, आबांना भेटावं. उतरलो नाही. आबा विचारणार पोर काय खाते, आणि मी काय सांगणार?

वॉफलमध्ये काय असतं ते फोनवर पाहिलं. मैदा, दूध, लोणी, साखर, अंडी. या सगळ्यांना बाद करत गेलो. मैद्यानं पोरीच्या अंगात काय भरणार? म्हणून कळण्याचं पीठ घेतलं. ज्वारीत उडीद घालून आम्ही भाकरीसाठी दळतो तेच. दुधाऐवजी शेंगदाणे रात्री भिजत घालून सकाळी वाटायचे आणि फडक्यातून पिळायचे, छान पांढरं घट्ट दूध निघतं. शेंगदाण्याचं तिला काही होत नाही, तेही तपासलेलं. अंड्याऐवजी जवसाची पूड पाण्यात कालवून ठेवायची, ती बुळबुळीत होते आणि पीठ धरून ठेवते. गोडीला पिकलेलं केळं कुस्करून आणि थोडा गूळ. चमचाभर तेल, चिमूट मीठ, आणि अगदी शेवटी सोडा टाकून त्यावर लिंबू पिळायचं, की सगळं फसफसून वर येतं. ऐकायला किती सोपं वाटतं!

पहिल्या दिवशी मशीन उघडलं तर अर्धी पोळी वर आणि अर्धी खाली. दुसऱ्या दिवशी कोळसा. तिसऱ्या दिवशी आत कच्चा गोळा. चव वाईट नव्हती, मीच खात होतो ना सगळं. पण आरूला तुटलेली चालायची नाही. तिचं म्हणणं, तुटलेल्या पोळीत आत काय गेलंय कळत नाही. अख्खी हवी, सगळ्या खिडक्या बंद असलेली. बारा वर्षं मी साच्यातून माल काढतोय. साच्याला माल चिकटला तर तापमान बघ, थंड व्हायला वेळ दे, असं नव्या माणसांना दरडावून सांगतो. आणि इथं दोन ताटल्यांएवढ्या यंत्रानं माझी जिरवली. बाहेर पंचेचाळीस अंश, आत मी बनियनवर, घामानं निथळत, वाफाळत्या यंत्रापुढं हात जोडून उभा. शेजारच्या काकूंनी खिडकीतून डोकावून विचारलं, "काय हो, पूजा आहे का?" मी म्हटलं, "हो, महापूजा!" आणि खिडकी लावून घेतली.

घाई, हीच माझी चूक होती. वाफ निघतेय तोवर उघडायचं नाही. वाफ थांबली, की आणखी एक मिनिट. वाट पाहणं माझ्या रक्तात नाही, पण शिकलो. सातव्या दिवशी पोळी अख्खी सुटली, तांबूस, कडा कुरकुरीत, केळ्या-गुळाचा खमंग वास. आरूनं ती दोन्ही बाजूंनी पाहिली. उजेडात धरली. मग एका कोपऱ्याची एक खिडकी मोडून तोंडात टाकली.

मी मशीनचं बटण बंद करायचं विसरलो.

त्या दिवशी तीन खिडक्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी अकरा. तिसऱ्या दिवशी परत चिकटली, तुटली, आणि तिनं तोंड फिरवलं. असं चाललं होतं. एक दिवस अख्खी, दोन दिवस तुटकी. केळं जास्त पिकलेलं असलं की गोडीनं चिकटायची, कमी पिकलेलं असलं तर ती म्हणायची कडू आहे. मी रोज सकाळी काट्यावर उभं करायचो. चौदा आठशे. चौदा नऊशे. सोमवार जवळ येत होता. तिच्या त्या एवढ्याशा नाकात नळी, आणि ती काढू नये म्हणून बांधलेले हात. मला दुसरं काही दिसतच नव्हतं. पोरीनं खावं. एवढंच. कसंही करून खावं.

आखाजीच्या तीन दिवस आधी आबा आले. एका हातात आंब्यांची पिशवी, दुसऱ्या हातात तुपाचा डबा. दरवर्षीचंच. वैशालीनं डबा हातात घेतला, पिशवीत घालून गाठ मारली आणि बाहेरच्या खोलीतल्या कपाटात वरती ठेवला. "आबा, हे स्वयंपाकघरात नको बरं," ती म्हणाली. "व्हय, व्हय," आबा म्हणाले. मग त्यांनी आरूला पाहिलं. तिचा दंड दोन बोटांत धरला आणि सोडला. "पोर वाळी गयी रे, भाऊ," एवढंच बोलले आणि बाहेर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याशेजारी स्टुलावर बसून सगळं पाहत होते. मी पीठ ओतलं, झाकण लावलं, वाफ थांबली, मिनिट मोजलं, उघडलं, आणि पोळी दुभंगली. परत एक केली. तीही तुटली. तिसरीही. आरू पाटावर वाट पाहत होती. तिला भूक लागली होती, आणि हेच मला सहन होत नव्हतं, की तिला भूक लागली होती. तुटकी पोळी पुढं केल्यावर तिनं ताट मागं सरकवलं. "ही नको, पप्पा," म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून रडायला लागली, आवाज न करता. आबांनी डोळ्यांवर उपरणं धरलं. त्या दिवशी ती एक वाटी पाण्यावर आणि चार घास भातावर राहिली.

आता त्या पुढच्या सकाळबद्दल. आखाजीचा आदला दिवस. वैशाली गाडीला गेली होती. मी उठलो तर आबा आंघोळ करून तयार. पीठ कालवलं, मशीन तापवलं, ओतलं. वाफ थांबली. उघडलं तर पोळी आपली आपण सुटून आली! एक कण चिकटला नाही. सोनेरी, सगळ्या खिडक्या अख्ख्या. मी आनंदानं आबांकडे पाहिलं, आणि आबा गालात हसत होते.

तेव्हाच मला वास आला.

विड्याच्या पानाचा, कढवलेल्या लोण्याचा. झोपेतही ओळखीन म्हणालो ना, तो. जागेपणी मी तो ओळखला नाही असं कसं म्हणू? ओळखला. पण त्याच क्षणी मी स्वतःला सांगितलं, आबा शेजारी बसलेत, त्यांच्या अंगाला येतो तसा वास. जन्मभर येतोच की. आणि मी ताट आरूपुढं ठेवलं. तिनं उजेडात धरलं, मान डोलावली आणि खाल्लं. एक खिडकी, दुसरी, मग अख्खा कोपरा, दोन्ही हातांनी. तोंड भरलेलं असताना म्हणाली, "पप्पा, अजून एक."

अजून! तीन महिन्यांत तिच्या तोंडून हा शब्द आला नव्हता. वास माझ्या नाकात होता. माझा हात तिच्या ताटापर्यंत पोहोचत होता. मी हात पुढं केला नाही. मी दुसरी पोळी ओतायला वळलो. किती वेळ गेला असेल? चार घास. चार घास मी तिला खाऊ दिलं, कारण ती खात होती.

मग आबा कौतुकानं म्हणाले, "देख, आज चिकटनं नही. सकायले मी तूपना हात फिराई दिधा. तूप म्हणजे काय दूध थोडंच शे?" नव्या भांड्याला तुपाचा पहिला हात. सत्तर वर्षांची रीत. त्यांच्या हिशेबानं दूध विरजलं, घुसळलं, कढवलं, की दूध त्यात उरतच नाही. ते माझ्याकडे शाबासकीसाठी पाहत होते.

मी ताट हिसकावलं. तोवर तिच्या हनुवटीवर गांधी आल्या होत्या. देव्हाऱ्यातून इंजेक्शन काढताना गणपती खाली पडला. मांडीत टोचलं, तिला उचललं, जिना उतरलो, रिक्षा. आबा अनवाणी मागून धावत होते. तिचा श्वास शिट्टी वाजवत होता आणि ती माझ्या शर्टाला धरून मला विचारत होती, "त्यात काही नव्हतं ना, पप्पा?"

वाचली. सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही अडकून राहू नका. पण ती रात्र, तो दुसरा दिवस आणि पुढचे नऊ दिवस नाकातली नळी. जे टाळायला सगळा आटापिटा केला तेच. हात बांधले नाहीत. ती तशीच पडून राहायची, काढायचीही नाही.

वैशाली अमळनेरहून थेट दवाखान्यात आली. आबांच्या तुपाचं तिला फोनवर कळलं होतं. बाहेरच्या बाकावर आबा बसले होते, टोपी हातात. तिनं आयुष्यात कधी सासऱ्यांसमोर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी सगळ्यांदेखत म्हणाली, "आबा, तुम्ही माझ्या पोरीला मारलं असतं!" आबा उठून उभे राहिले. "मनी चूक व्हयनी, माय," माझी चूक झाली, असं म्हणाले. मी शेजारीच होतो. भिंतीवर लसींचा तक्ता लावला होता, तो मी वाचत होतो. तोंड उघडलं असतं तर एक वाक्य पुरलं असतं. उघडलं नाही. मला स्वतःची लाज वाटत होती आणि बायकोची भीती, आणि आबा आयते समोर होते. आबा त्याच दिवशी एसटीनं गावी गेले. आखाजीला आमच्याकडे ना पितरांची घागर भरली ना पोळी झाली.

लेकरं हळूहळू सावरतात. गणपतीत आरू भात-वरण खायला लागली, दसऱ्याला भाकरी. जुनं मशीन मी केव्हाच भंगारात दिलं होतं, दिवाळीनंतर तिनंच विचारलं, "खिडक्यांची पोळी परत करायची?" तेव्हा नवं आणलं. आता वैशाली करते, माझ्यापेक्षा पुष्कळ बरी. रविवारी करते, कधी कळण्याची, कधी नाचणीची. काटा अठरावर आहे. लोक म्हणतात, "चला, गंगेत घोडं न्हालं." मी हसतो.

यंदा आबा आले ते रिकाम्या हातांनी. तूप नाही, आंबेसुद्धा धुऊन, नव्या पिशवीत. आल्या आल्या मोरीत जाऊन कोपरापर्यंत साबण लावला, तोही दोनदा. आणि मग स्वयंपाकघराकडे न वळता बाहेर पायरीवर जाऊन बसले. वैशाली त्यांना चहा बाहेरच नेऊन देते, कोरा. बोलते, पण कामापुरतं. आरू पाणी द्यायला गेली, पेला लांबूनच ठेवला आणि म्हणाली, "आबा, मला हात लावू नका हं. तुमच्या हाताला तूप असतं." आबा म्हणाले, "नही लावत, माय," आणि हात मांडीखाली घेतले. सत्तरीपुढचा माणूस, हात मांडीखाली घेऊन माझ्या दारात बसलेला.

मी जाऊन त्यांच्याशेजारी बसलो. ऊन पायांपर्यंत आलं होतं. समोर लिंबाखाली पोरी झोक्यावर होत्या. मी म्हटलं, "आबा, त्या दिवशी माले वास येल व्हता." मला वास आला होता. वर्षभर न बोललेलं ते एवढंच वाक्य.

आबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "माले माहीत शे," म्हणाले. "मी देखं तुले. तूनं नाक वर करं, मंग खाली घातं." मग म्हणाले, "सूनले सांगू नको. मनावरच राहू दे. मी म्हातारा शे, माले चाली." दोष माझ्यावरच राहू दे, मला चालेल.

माहीत होतं. दवाखान्याच्या बाकासमोर उभे होते तेव्हाही माहीत होतं, आणि तरी टोपी हातात घेऊन "मनी चूक" म्हणाले. मी तिथंच रडलो. चाळिशीचा बाप्या, भर सकाळी, दारात. आबा म्हणत राहिले, "उगा राय, लोके देखतीन." गप्प राहा, लोक पाहतील.

मी उठून आत गेलो. वैशाली पोळी काढत होती, आरू ताटात पहिली पोळी घेऊन उभी होती. मी दोघींसमोर सांगितलं. वास आला होता, ओळखला होता, चार घास थांबवलं नाही. वैशालीनं मशीनचं बटण बंद केलं. आज पाच दिवस झाले, माझ्याशी अजून बोललेली नाही. आरूनं विचारलं, "तुला माहीत होतं, पप्पा?"

"हो."

"मग मला थांबवलं का नाही?"

"तू खात होतीस," मी म्हणालो.

तिनं ताटातल्या पोळीकडं पाहिलं. मग ताट दोन्ही हातांनी धरून ती माझ्या बाजूनं बाहेर गेली, पायरीवर आबांना अगदी खेटून बसली आणि ताट त्यांच्या तोंडाशी नेलं. "आबा, तुम्ही वास घेऊन सांगा."

आबांनी हात मांडीखालीच ठेवले. वाकून, डोळे मिटून, बराच वेळ वास घेतला. एकदा, मग परत एकदा. "खाय, माय," ते म्हणाले. "काहीच नही त्यामा."

आणि ती खायला लागली.